बॅक उघडून दाखवा

घड्याळांचा नाद आम्हा दोघांना पन्नाशी जवळ आल्यावर लागला. त्याला कारण अब्बांचे एच.एम.टी. 'जनता'. अब्बांच्या इंतकालनंतर त्यांची ट्रंक आवरताना ते रुमालात गुंडाळलेले सापडले. पट्टा कुजलेला, काच ओरखड्यांनी आंधळी झालेली आणि काटे सव्वाचारवर थांबलेले. बोरीवली स्टेशनबाहेर एक वयस्कर घड्याळवाले काका काचेची छोटी पेटी घेऊन बसतात. त्यांच्याकडे ते नेले. काकांनी मागचे झाकण काढले, डोळ्याला भिंग लावले आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. तेल सुकलंय." चार दिवसांनी घड्याळ चालू झाले. त्या रात्री घरात पंखा बंद करून आम्ही दोघे त्याची टिकटिक ऐकत बसलो. मुलगी म्हणाली, "तुम्हा दोघांना झालंय तरी काय?"

तेव्हा काहीच झाले नव्हते. पुढच्या वर्षभरात झाले.

आमच्या लहानपणी कोकणात घड्याळ म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. खेडकडच्या आमच्या गावात निम्मे पुरुष जहाजावर किंवा आखातात. कुवेतहून किंवा दुबईहून कोणी चाचा सुट्टीवर आला की बॅगेत सायको फाइव्ह असायचेच. नवरदेवाला घड्याळ मिळाले नाही तर लग्नात कुजबुज व्हायची. ज्यांचे आखातात कोणी नव्हते त्यांच्यासाठी एच.एम.टी. होते. जपानच्या सिटिझनच्या मदतीने 1961 मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान मशीन टूल्सने घड्याळांचा कारखाना काढला आणि मास्तर, तलाठी, कारकून यांच्या मनगटावर घड्याळ आले. 2016 मध्ये केंद्र सरकारने तो घड्याळांचा धंदा गुंडाळण्याचा निर्णय घेतला. मग काल दोनशे-तीनशेला मिळणारी घड्याळे लोक शोधत फिरू लागले. आम्हीही त्यातलेच.

पहिल्या वर्षात तीन एच.एम.टी. आणि एक फावर-ल्यूबा जमले. फावर-ल्यूबा हे स्विस नाव, घराणे 1737 चे, पण 1865 पासून मुंबईत पाय रोवून असलेले, त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीला ते आपलेच वाटे. ही सगळी खरेदी मटण स्ट्रीटवर. बोरीवलीहून फास्ट लोकलने मुंबई सेंट्रल, तिथून स्लोने एक स्टेशन ग्रँट रोड आणि मग दो टाकीपर्यंत पायी. शुक्रवारी जाऊ नये. त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. पहाटे जाणाऱ्याला त्यात काही मिळत असेल, आम्हाला एक फुटका टेबललॅम्प मिळाला.

चोरबाजारात एक गोष्ट लवकर कळली. तिथली निम्मी चकचकीत घड्याळे रंगवलेली असतात. जुने डायल काढायचे, घासून साफ करायचे, नवा रंग द्यायचा आणि त्यावर कंपनीचे नाव पुन्हा छापायचे. लाल, पोपटी, मोरपिशी अशा रंगांची घड्याळे कंपनीने कधी काढलीच नव्हती. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना आपल्या शहराचेच नाव देतात आणि ते काही कौतुकाने नाही. आम्हाला मात्र त्यात फारसे वावगे वाटले नाही. पाचशेला घेतलेले घड्याळ रंगवलेले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही.

मग हाव सुटली. आम्हाला ओमेगा हवे झाले.

ओमेगा का? 1848 मध्ये लुई ब्रांट नावाच्या तरुणाने सुरू केलेली ही कंपनी, हे नंतर वाचले. खरे कारण असे की गावात डॉक्टरसाहेबांच्या हातात ओमेगा होते आणि नाडी बघताना ते आमच्या नाकासमोर यायचे. नव्या ओमेगाची किंमत दुकानाच्या काचेबाहेरून बघितली आणि चालू लागलो. पण साठीच्या दशकातले चावीचे 'सीमास्टर 600' आवाक्यात येऊ शकते, असे कळले. बारा जणींच्या पाच हजारांच्या भिशीत आमचा नंबर लागला होता. साठ हजार हातात होते. उमराहच्या खात्याला आम्ही हात लावला नाही, हे खरे. पण भिशीचे पैसे त्याच खात्यात जायचे होते, हेही खरे.

अम्मींचा विरोध वेगळ्याच मुद्द्यावर होता. "कुठल्या मयताच्या हातातलं असेल, काय माहीत?" त्या म्हणाल्या. आम्ही म्हटले, अब्बांचेही आहेच की. "ते अब्बांचं आहे," त्या म्हणाल्या. तिथे बोलणे संपले.

दक्षिण मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचे नाव कोणीतरी सुचवले. एसी, गालिचा, चहा. आधी त्यांनी सोन्याचा पत्रा चढवलेले एक कॉन्स्टेलेशन पुढे केले. पुरुषाने सोने घालायचे नाही म्हणून ते बाजूला ठेवले. "मग बायकोने घालावं," अशी सूचना आमच्यापैकी एकीने तत्परतेने केली, ती किंमत ऐकून मागे घेतली. मग स्टीलचे सीमास्टर आले. चंदेरी डायल, सरळ काटे, काच स्वच्छ. साठ वर्षांच्या घड्याळावर एक डाग नाही. खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. "सगळं ओरिजिनल," ते म्हणाले. आम्ही बिल-डब्याचे विचारले. त्यावरचे त्यांचे उत्तर बरोबर होते. साठ-सत्तरच्या दशकात स्विस घड्याळांच्या आयातीवर इतकी बंधने होती की कितीतरी माल समुद्रमार्गे चोरून उतरायचा, त्याला कसले बिल आणि कसला डबा. कागद नसणे म्हणजे खोट असणे नव्हे. पण एक उत्तर खरे निघाले की माणूस पुढची सगळी खरी मानून बसतो. मागचे झाकण उघडून दाखवा, असे म्हणायची आमची हिंमत झाली नाही. एवढ्या मोठ्या दुकानात ते असभ्य वाटले. अठ्ठेचाळीस सांगितले, पंचेचाळीसला दिले. परतीच्या लोकलमध्ये ते हातात घालण्याची छाती झाली नाही. ते पर्समध्ये रुमालात होते, अगदी अब्बांच्यासारखे.

तीन दिवसांनी काकांकडे गेलो, खरे म्हणजे कौतुक करून घ्यायला. काकांनी झाकण उघडले. मशीन बघून ते खूश झाले. तांबूस झाकाचे सतरा ज्वेलचे 601, अस्सल आणि धडधाकट. तासाला 19,800 ठोके मारणारे. झाकणाच्या आतल्या बाजूला टाचणीने कोरल्यासारखे बारीक आकडे होते. जुने घड्याळवाले दुरुस्तीची खूण अशी करत. अशा तीन खुणा होत्या, तीन वेगळ्या हातांच्या. मग काकांनी घड्याळ उलटे केले, भिंग लावले आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

"डायल रंगवलंय," शेवटी म्हणाले.

त्यांनी भिंग आमच्या हातात दिले. आधी काही दिसले नाही, मग एकेक दिसू लागले. सहाच्या खालची 'स्विस मेड' ही अक्षरे केसासारखी बारीक हवीत, ती जाड आणि किंचित वाकडी होती. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर नेमक्या येत नव्हत्या, दोनच्या पुढे तर अर्धी रेघ चुकलेली. काट्यांवर काळी पट्टी होती, तसले काटे या डायलबरोबर येत नाहीत. चावीवर ओमेगाची खूण नव्हती. मग त्यांनी मशीन केसबाहेर काढले आणि डायलच्या कडेला कानशीने पाडलेली एक छोटी खाच दाखवली. पुन्हा छापताना डायल सरळ बसावे म्हणून रंगवणारे ती पाडतात. कंपनीच्या डायलला तिची गरज नसते.

काकांच्या बोलण्यात रंगवणाऱ्यांबद्दल राग नव्हता. मुंबईच्या दमट हवेने डायल काळवंडायचे आणि गिऱ्हाईक स्वतःच म्हणायचे, नवे करून द्या. त्यांनी स्वतः अशी कितीतरी करून आणली होती. "तेव्हा ती दुरुस्ती होती," ते म्हणाले. "ओरिजिनल म्हणून विकलं की मग ती दुरुस्ती राहत नाही." असे घड्याळ वाईट नसते, चांगले चालते, पण शौकिनांच्या बाजारात त्याला निम्माच भाव येतो. साफसफाई आणि तेलपाण्याचे अडीच हजार झाले.

व्यापाऱ्याकडे गेलो. चहा आला नाही. "मशीन अस्सल, केस अस्सल, म्हणजे घड्याळ अस्सलच की," ते म्हणाले. परत घेणार नाही. बिलावर 'जुने घड्याळ, जसे आहे तसे' एवढेच लिहिले होते, आणि आम्ही ते घरी येऊन वाचले होते. भांडायला जागा नव्हती. भांडलो असतो तरी आमच्याजवळ दाखवायला काय होते?

पुढचे सांगायला जरा जड जाते.

घड्याळ विकायचे ठरले. ओळखीतून कांदिवलीचा एक तरुण आला. वडिलांच्या साठीला त्याला जुने ओमेगा द्यायचे होते. त्याने दुकानांतून भाव काढले होते आणि पन्नास हजारांपर्यंत द्यायची त्याची तयारी होती. आदल्या रात्री आम्हा दोघांत वाद झाला. एकाचे म्हणणे, आपण होऊन खोटे बोलायचे नाही, पण त्याने विचारले नाही तर सांगायचेही नाही. आम्हाला कोणी सांगितले होते? दुसऱ्याचे म्हणणे, जुम्म्याच्या बयानात ओल्या धान्याचा तो प्रसंग आपण किती वेळा ऐकला? ढिगाच्या आत हात गेला आणि बोटे ओली झाली, तो प्रसंग. त्यावर पहिल्याने म्हटले, धान्य वेगळे, डायल वेगळे. मशीन अस्सल आहे, केस अस्सल आहे, म्हणजे घड्याळ अस्सलच की.

बोलून झाल्यावर दोघेही गप्प झालो. ते वाक्य कोणाचे होते, हे दोघांनाही आठवले. कोणत्या बाजूला कोण होते, ते इथे लिहीत नाही. आमच्या घरातल्यांनी ओळखले आहेच.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. अम्मींनी सरबत दिले. त्याने घड्याळ हातात घातले, मनगट वळवून बघितले, फोटो काढला. आणि सहज विचारले, "ओरिजिनल आहे ना, अंकल?"

आम्ही सांगितले. एकाने सुरुवात केली आणि दुसऱ्याने पूर्ण केले: डायल, काटे, चावी. भिंग त्याच्या हातात दिले आणि मिनिटांच्या रेघा दाखवल्या. खाच आत असल्याने दिसत नव्हती, तर काकांकडे काढलेला तिचा फोटो दाखवला. त्याचा चेहरा उतरला. आम्ही किती दिले होते, ते त्याने विचारले. तेही सांगितले. सरबत संपवून, आभार मानून तो गेला. दार लावल्यावर अम्मी म्हणाल्या, "पोरगं बरं होतं. घेतलं का नाही त्याने?" आम्ही म्हटले, आवडले नाही.

नऊ दिवसांनी त्याचा फोन आला. वडिलांना संग्रह करायचा नाही, त्यांना घड्याळ घालायचे आहे, असे तो म्हणाला. सव्वीस हजार देईन. आम्ही हो म्हटले. या वेळी कागदावर सगळे लिहून दिले: मशीन आणि केस मूळचे, डायल पुन्हा रंगवलेले, काटे आणि चावी नंतरची, तेलपाणी कोणत्या महिन्यात झाले. खाली दोघांच्या सह्या. तो कागद त्याने घड्याळाच्याच डबीत नीट घडी करून ठेवला.

खरेदी आणि तेलपाणी मिळून साडेसत्तेचाळीस हजार गेले, सव्वीस आले. ते सव्वीस उमराहच्या खात्यात भरले. बाकीच्यासाठी पुढच्या भिशीत दोन हिस्से घेतले आहेत.

नाद गेलेला नाही, खोटे कशाला बोला. काकांनी त्यांचे जुने भिंग आम्हाला दिले आहे, पर्समध्ये असते. विकणाऱ्याला आता पहिले वाक्य तेच म्हणतो: बॅक उघडून दाखवा. गेल्या शनिवारी मटण स्ट्रीटवर फावर-ल्यूबाचे सी-चीफ दिसले, डायलवर वयाचे पिवळे डाग असलेले, म्हणजे बहुधा कोणी हात न लावलेले. दुकानदार म्हणाला, "बॅक जाम है." आम्ही ते खाली ठेवले. दोन दुकाने पुढे गेल्यावर त्याने हाक मारली, "आओ, खोलता हूँ." उघडले तर आत सगळा गंज. तिघांनीही मान हलवली.

अब्बांचे 'जनता' रोज वापरात आहे. दिवसाला अर्धा मिनिट पुढे जाते, फजरच्या वेळी ते बरेच पडते. साडेएकवीस हजारांचा आकडा आम्ही अम्मींना अजून सांगितलेला नाही. हा अंक घरी आला की त्या पहिल्या पानापासून वाचायला घेतात, तेव्हा तो त्यांना इथेच कळेल.