निदानाआधीचा खर्च

सरकारी दवाखान्यात टीबीची औषधे फुकट मिळतात, तरीही हा आजार घर बुडवतो. बुडण्याची सुरुवात बहुतेकदा उपचारांच्या आधीच झालेली असते. खोकला सुरू झाल्यापासून आजाराचे नाव कळेपर्यंतचे दिवस रोग्याच्या स्वतःच्या खिशातून जातात. गल्लीतल्या डॉक्टरची फी, खोकल्याची बाटली, अँटिबायोटिकचा कोर्स, एक्स-रे. उतार पडला नाही की दुसरा डॉक्टर आणि पुन्हा तेच. भारतातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत सुमारे ५५ दिवस लोटतात आणि तोवर रोग्याचे दोन-तीन डॉक्टर करून झालेले असतात.

रोजंदारीवर जगणाऱ्याचा हिशेब बिलांपुरता नसतो. दवाखान्याची एक खेप म्हणजे एक खाडा, सोबत येणाऱ्याचा दुसरा. आधी शिल्लक संपते, मग हातउसने, मग दागिने गहाण. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम टीबीपायी गेली, तर जागतिक आरोग्य संघटना तो खर्च घर मोडणारा मानते. बुडालेली मजुरीही त्यात धरली जाते. २०२० पर्यंत असे एकही कुटुंब उरू नये, हे तिचे उद्दिष्ट पुरे झाले नाही.

या प्रश्नाचे मूळ दाखवणारे काम बंगळुरूत झाले. तिथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. खेडूत अडाणी, तो आपणहून दवाखान्यात येणार नाही, असा तेव्हा समज होता. संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात रोग्यांनाच विचारले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत बहुतेकांना लक्षणांची जाणीव असल्याचे दिसले आणि जवळपास निम्मे दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून ते परतले खोकल्याची बाटली घेऊन. सामान्य दवाखान्यातच थुंकी तपासावी, हे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचे सूत्र याच विचारातून आले.

साधने पुढे सुधारली. फसवे निकाल देणाऱ्या, पैसे मात्र खाणाऱ्या टीबीच्या रक्तचाचण्यांवर २०१२ साली बंदी आली. बंगळुरूच्या बिगटेक आणि गोव्याच्या मोलबायो या कंपन्यांचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र थुंकीतील जंतू तासाभरात ओळखते. २०२० साली त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून रोग्याला आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पण ही मदत नाव नोंदल्यावर सुरू होते आणि नाव निदानानंतरच नोंदले जाते. घर त्याआधीच रिकामे झालेले असते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी, हा नियम जुना आणि सोपा आहे. पहिल्याच डॉक्टरने तो पाळला, तर पुढच्या बहुतेक खर्चाची वेळच येत नाही.