चावडीवरचे इंटरनेट

परमुलुखात बदली झालेल्या माणसाला मोबाईलची थोरवी सांगावयास नको. म्हैसुरात बसून गावाकडच्या आईचा चेहरा रोज दिसतो, तो त्याच्याच कृपेने. तेव्हा ज्याच्या त्याच्या खिशात इंटरनेट पोहोचले की खेड्यांचा प्रश्न सुटला, असे कचेरीत चहाच्या वेळी पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही.

एका सहकाऱ्याच्या खेड्यात दोन दिवस राहण्याचा योग आला होता. इकडे ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयास ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. अरिवु म्हणजे ज्ञान. तेथील संगणकावर एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. घरात फोन एकच, आणि तोही भावाच्या हाती. मागच्या बाकावर तीन वृद्ध बसले होते. त्यांतील एकास आपली ‘पहाणी’ पाहावयाची होती. आपल्याकडे जसा सातबारा, तशी इकडची पहाणी. मुलीने ती उघडून मोठ्याने वाचली. वडिलांच्या मागे वारसांची नावे अद्याप चढलीच नव्हती. मग नोंदीसाठी कोठे जावे ते दुसऱ्याने सांगितले, कोणते कागद न्यावेत ते तिसऱ्याने. तोच उतारा घरी फोनवर दिसला असता. हा सल्ला मात्र मिळाला नसता.

याचा दाखला आपल्याच मुलुखात आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने पुणे नभोवाणी केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. कार्यक्रम एकत्र ऐकावयाचा आणि नंतर त्यावर चर्चा करावयाची, असा परिपाठ होता. पुढे पाहणी झाली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांच्या ज्ञानात मोठी भर पडलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. यंत्र तेच, आवाज तोच; फरक होता तो एकत्र बसण्याचा. नभोवाणीला पुढे मिळालेले ‘आकाशवाणी’ हे नावही या म्हैसूरचेच. १९३५ साली येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी चालविलेल्या केंद्राचे ते नाव होते.

आम्ही कारकून मंडळी ‘अर्ज ऑनलाइन करावा’ एवढे लिहून मोकळी होतो. ती ओळ वाचून गोंधळलेल्या माणसाला जाऊन बसण्यासाठी गावात एक बाक असावे, शेजारी वाचून दाखविणारे कोणी असावे. फोन घरोघर झाले म्हणून ते बाक उचलण्याची घाई कोणी करू नये.