नोंद, बखर आणि पाचवा ‘का’

खेळून संपलेला बुद्धिबळाचा डाव ही एका अर्थाने संहिताच असते. तिला दोन लेखक असतात, आणि त्यांतील प्रत्येक जण दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ नये म्हणून लिहीत असतो. डाव संपला की या संहितेतील फक्त खेळ्या कागदावर उरतात. कोणते मोहरे कोणत्या घरातून कोणत्या घरात गेले एवढेच तेथे असते. ते का गेले, जाण्यापूर्वी कोठे कोठे जाऊ पाहत होते आणि कोणत्या भयाने तेथे गेले नाही, याची नोंद नसते. स्वतःचा हरलेला डाव पुन्हा मांडून पाहणारा खेळाडू म्हणूनच एका चमत्कारिक वाचकाच्या भूमिकेत असतो. संहिता त्याचीच असते. परंतु ती वाचताना लेखक हाती लागेल याची शाश्वती त्यालाही नसते.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता-तपासणीचे काम करणाऱ्या एका खेळाडूचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. तो निगडीला राहतो. कंपनीच्या बसने तळवडे, म्हाळुंगे या मार्गाने कामावर जातो आणि सुटीच्या दिवशी, जमेल तेव्हा, पुण्यातील स्पर्धांत खेळतो. त्याचे नाव कोणत्याही इतिहासात जाण्याचे कारण नाही. पण आपल्या डावांचे नोंदपत्रक त्याने कधी टाकून दिले नाही. विशीपासूनची सारी पत्रके एका जाड फायलीत तारीखवार लावलेली आहेत. फाईल मात्र क्वचितच उघडली जाई. हरलेल्या डावांविषयी त्याच्यापाशी एक तयार वाक्य होते : ‘वेळ कमी पडला.’ रात्रपाळी, बसचा प्रवास, अपुरी झोप ही या वाक्याची साक्षीदार होती आणि ती खोटी नव्हती.

हे वाक्य एके दिवशी त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले. त्याची बारा वर्षांची मुलगी शालेय स्पर्धेतला डाव हरून बाहेर आली आणि त्याने काही विचारण्यापूर्वीच म्हणाली, “बाबा, वेळच पुरला नाही.” त्याने तिच्या पत्रकाकडे पाहिले. सव्वीस खेळ्यांत मात झालेली होती आणि घड्याळात तिची चाळीस मिनिटे शिल्लक होती. मुलगी खोटे बोलत होती असे म्हणता येणार नाही. पराभवाविषयी बोलण्याची घरात जी भाषा होती, ती तिने उचलली होती. त्या रात्री त्याने फाईल काढली ती यामुळे.

त्याला हवा होता तो १९९६ सालचा एक डाव. जिल्हा पातळीवरील स्पर्धेची शेवटची फेरी, समोर नावाजलेला खेळाडू. घरातल्या सर्वांना त्या डावाची कथा ठाऊक होती : जिंकलेला डाव, एका खेळीवर मात दिसत असताना चावीच्या घड्याळाचे निशाण पडले आणि सारे संपले. ही कथा इतक्या वेळा सांगून झाली होती, की तिला एक आकृतिबंध प्राप्त झाला होता. तिच्यात नायक होता, दैव होते, आणि दोष कोणाचाच नव्हता.

मराठी वाचकाला या रचनेची ओळख नवी नाही. पानिपतच्या १७६१ सालच्या पराभवाने मराठीला भाऊसाहेबांच्या बखरीसारखा गद्यग्रंथ दिला. मानी माणसांचे हट्ट, रुसवे, न ऐकलेले सल्ले आणि शेवटी दैव यांतून पराभवाची संगती लावणे हा बखरीचा स्वभाव आहे. तिचे वाङ्मयीन सामर्थ्यही त्याच संगतीत आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांनी आपल्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात त्याच घटनेकडे भूगोल, रसद, हालचाली यांच्या अंगाने पुन्हा पाहिले. हा फरक केवळ साधनांचा नव्हे. बखर पराभवाला अर्थ देते. नोंद त्याला क्रम देते. बखरकार शेवटापासून मागे येतो, आणि शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे वाटेतली प्रत्येक गोष्ट त्याला शेवटाची सूचना वाटू लागते.

थोर खेळाडूंनाही बखरीचा मोह चुकलेला नाही. विश्वविजेता अलेखिन याने आपल्या निवडक डावांच्या पुस्तकात ग्रिगोरिएव्हविरुद्धचा, १९१५ साली मॉस्कोत झालेला म्हणून, पटावर एकाच वेळी पाच वजीर असलेला एक डाव दिला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की प्रत्यक्ष डावात अलेखिन काळ्या मोहऱ्यांनी खेळला होता आणि पाच वजिरांची ती स्थिती पटावर आलीच नव्हती. ती विश्लेषणातली एक शक्यता होती. म्हणजे लेखकाने संहिता दुरुस्त केली. याच्या उलट बोट्विन्निकचा आग्रह असा, की खेळाडूने स्वतःच्या डावांवर टीपा लिहाव्यात आणि त्या प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे त्यांतील चुका दुसरे दाखवतील. आपल्या वाचनाला वाचक मिळवून देणे हा बखर रोखण्याचा एक मार्ग आहे.

निगडीच्या घरात असा वाचक होता तो संगणकातला. स्टॉकफिशसारखा विश्लेषक कार्यक्रम आज कोणालाही विनामूल्य मिळतो आणि त्याचे बळ कोणत्याही मानवी विजेत्यापेक्षा अधिक आहे. त्याने १९९६च्या त्या डावाच्या चौतीस खेळ्या कार्यक्रमात भरल्या. पत्रक तेथेच थांबत होते. घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला की नोंद न ठेवण्याची मुभा नियम देतो. काही क्षणांत निकाल आला. मात दूरच, चौतिसाव्या खेळीला तो निश्चितपणे हरत होता. चूक एकतिसाव्या खेळीत होती : हत्ती भलत्या घरात गेला होता. त्यापूर्वीच्या सर्व खेळ्या यंत्राच्या मते ठीक होत्या. तीस वर्षे सांगितलेली कथा एका ओळीच्या आकड्यांनी मोडली.

परंतु येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. ‘एकतिसाव्या खेळीला हत्ती चुकला’ हे उत्तर बरोबर आहे. त्याचा उपयोग मात्र काय? ती स्थिती पुन्हा कधी पटावर येणार नाही. १९४६ साली विम्सट आणि बिअर्ड्स्ली यांनी लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. यंत्र हे या भूमिकेचे शुद्धतम रूप म्हणावे लागेल. ते फक्त संहिता पाहते. ही खेळी कोणी केली, भीतीने की उद्धटपणाने, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. योगायोगाने त्याच साली आद्रियान द ख्रोट या डच मानसशास्त्रज्ञाचा बुद्धिबळपटूंच्या विचारप्रक्रियेवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याने खेळाडूंसमोर पट मांडला आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत विचार करण्यास सांगितले. पहिल्या वाटेने खेळीचे मूल्य कळते, दुसऱ्या वाटेने खेळणारा कळतो. साहित्याच्या समीक्षकाला पहिली वाट पुरेशी होईल. ज्याला पुढच्या रविवारी पुन्हा खेळायचे आहे त्याला ती पुरत नाही.

कारखान्यात त्याचे रोजचे काम याच प्रश्नाचे होते. एखादा भाग रिजेक्ट झाला की ‘ऑपरेटरची चूक’ एवढे लिहून सुटका होत नाही. व्हाय-व्हायचा तक्ता भरावा लागतो. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीतून, तैइची ओनो यांच्या पाच वेळा ‘का’ विचारण्याच्या शिस्तीतून आलेली ही रीत या पट्ट्यातील कामगारांच्या अंगवळणी पडलेली आहे. कस्टमरचे ऑडिट जवळ आले की हे तक्ते कसे भरले जातात, पाचव्या रकान्यात सोयीचे उत्तर कसे आधी ठरते आणि वरचे चार त्याला कसे जुळवून घेतले जातात, हेही त्याला ठाऊक होते. तेथेही बखर होतीच. तरीही त्याने एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखले.

डाव का गेला? एकतिसाव्या खेळीला हत्ती चुकला. का चुकला? वेळ थोडा होता. येथवर जुने वाक्य तगून होते. वेळ का थोडा होता? आता त्याची नजर पत्रकाच्या कडेला गेली. त्या काळी दर काही खेळ्यांनंतर घड्याळ पाहून मिनिटे लिहून ठेवण्याची त्याला सवय होती. अठराव्या खेळीपाशी २८ हा आकडा होता, एकोणिसाव्या खेळीपाशी ६८. दीड तासाच्या डावातील चाळीस मिनिटे एका खेळीला गेली होती, आणि ती खेळी होती हत्ती एक घर बाजूला सरकवण्याची. चौथा ‘का’ : चाळीस मिनिटे का लागली? तेथे उंटाचा बळी देऊन राजावर हल्ला चढवण्याची शक्यता होती. बळी द्यावा की देऊ नये, हे ठरत नव्हते. शेवटी दिला नाही.

त्याने बळीची खेळी यंत्राला दाखवली. यंत्राने ती फेटाळली. हत्तीची साधी खेळीच उत्तम होती. म्हणजे ज्या क्षणी डाव खऱ्या अर्थाने हातून गेला, त्या क्षणाची खेळी संहितेत निर्दोष होती. यंत्राच्या वाचनात तेथे कोणतेही चिन्ह उमटत नव्हते आणि उमटणे शक्यही नव्हते. दोष खेळीत नव्हता. तो दोन खेळ्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत होता.

पाचवा रकाना त्याने बराच वेळ भरला नाही. मग लिहिले : ‘हरण्याची भीती नव्हती. बळी फसला तर लोक हसतील याची होती.’

हे उत्तर कितपत खरे मानायचे? ते जवळजवळ तीस वर्षांनी लिहिलेले आहे. पंचविशीतल्या त्या तरुणाला काय वाटले, हे पन्नाशी ओलांडलेला माणूस आठवतो की रचतो, याचा निवाडा करणारे कोणतेही साधन नाही. अधिक कठोर कारण हे अधिक खरे असतेच असे नाही. स्वतःला दोष देणारी कथाही कथाच असते, आणि तिच्यातही एक नायक असतो. त्याला हे जाणवले असावे, कारण त्या उत्तराखाली त्याने त्या दिवसाची तारीख घातली.

कोटोव्हने आपल्या पुस्तकात दिलेला सल्ला एके काळी सर्वश्रुत होता : खेळी ठरली की ती आधी कागदावर लिहावी, मग नवख्याच्या नजरेने पटाकडे पुन्हा पाहावे आणि नंतरच मोहऱ्याला हात लावावा. २००५पासून नियमांनी याला मनाई केली. आधी लिहिलेले ही टिपणाची मदत ठरते, म्हणून आता आधी खेळायचे आणि मग लिहायचे. खेळापुरता हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे खेळण्याच्या क्षणीचा विचार कागदावर येण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. जे काही वाचवायचे ते डाव संपल्यावर, स्मृती बखर होण्यापूर्वी, वाचवावे लागते.

त्यानंतर त्या घरात एक रीत पडली. डावाच्या दिवशीच, यंत्र उघडण्यापूर्वी, प्रत्येक महत्त्वाच्या खेळीसमोर त्या वेळी मनात काय होते ते एका वहीत लिहायचे. यंत्राचा निकाल दुसऱ्या दिवशी. निकाल आधी पाहिला तर मन त्याच्याशी जुळवून घेते आणि ‘मला तसे वाटलेच होते’ हे वाक्य आपोआप लिहिले जाते, हे त्याने स्वतःवरूनच ओळखले होते. त्याच्या डावांत यामुळे फार मोठा फरक पडला असे नाही. वहीत मात्र एक गोष्ट स्पष्ट होत गेली : रात्रपाळीनंतरच्या डावांत तो इतर डावांपेक्षा अधिक वाईट खेळत नव्हता. इतकी वर्षे सांभाळलेला साक्षीदार असा निरुपयोगी ठरला.

मुलीने वहीच्या दुसऱ्या बाजूने लिहायला सुरुवात केली. पहिली नोंद त्याच सव्वीस खेळ्यांच्या डावाची होती. काही दिवस उलटून गेले होते, तरी तिला आठवत होते. अकराव्या खेळीसमोर तिने लिहिले होते : ‘वेळ खूप होता. समोरची मुलगी पटापट खेळत होती, म्हणून मीपण पटापट खेळले.’ त्याने ते वाचले, आणि शुद्धलेखनासाठीही हात न लावता वही तिला परत दिली.