पुन्हा पाहण्याची सोय

साहित्याच्या विद्यार्थ्याला एक सुख इतके सवयीचे असते की ते सुख आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. कवितेची ओळ अडली तर तो पान उलटून मागे जातो. कादंबरीतील एखादे पात्र तिसऱ्या प्रकरणात नेमके काय बोलले होते, यावर वर्गात वाद झाला तर पुस्तक उघडून तो मिटवता येतो. चित्रपटाच्या बाबतीत ही सोय सामान्य प्रेक्षकाला फार उशिरा मिळाली. चित्रगृहातून बाहेर पडल्यावर त्याच्यापाशी उरे ती आठवण, आणि आठवण संहितेची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडील बरेचसे जुने चित्रपटलेखन आठवणींचे लेखन झाले, याचे एक कारण ही गैरसोय असावे. अभिजात चित्रपट घरी जमवण्याच्या माझ्या छंदाचा अर्थ मला आज या सोयीत सापडतो.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे, झरी-जामणी तालुक्यातील गाव. कापसाची काळी जमीन, जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी, पुढे पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणा. बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर तेलुगू, कोलामी, गोंडी कानावर पडते. शब्दांची या भागाला वाण नव्हती. प्राचार्य राम शेवाळकरांची वणी जवळच. वाण होती ती वेगळ्या चित्रपटांची. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होते, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होते; आमच्यापर्यंत पोचायचा तो गणेशोत्सवात भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि एका रात्रीत लागोपाठ तीन हिंदी चित्रपट. अपवाद एकच. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवीत. बंगाली, मल्याळी, कन्नड, असमिया बोलणारी माणसे इंग्रजी तळओळींसह आमच्या घरात येत. त्यांतले काही मी व्हीएचएस कॅसेटवर उतरवून घेतले. वीज गेली की चित्रपट तिथेच तुटे, आणि तो तसाच तुटका जपून ठेवला जाई. माझ्या संग्रहाचा आरंभ हा असा अर्धवट चित्रपटांनी झाला.

पुढे व्हीसीडी आली. तिच्यात चित्र धूसर दिसे आणि एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावे, म्हणून चित्रपट दोन तबकड्यांत विभागलेला असे. दिग्दर्शकाने न योजलेले मध्यंतर त्यामुळे कुठेही, कधी वाक्याच्या मधोमधही पडे. तरी प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घरी आणता आला तो याच रूपात. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा मासिकाच्या किमतीत चित्रपट विकत घेणे शक्य झाले. परदेशी अभिजात चित्रपट मात्र या स्वस्ताईत नव्हते. कुरोसावा, बर्गमन, डी सिका हे मुंबईच्या पदपथावर नकली प्रतींच्या रूपात मिळत. मुंबईत शिकणारी आमच्याकडची मुले त्या प्रती नंदीग्राम एक्स्प्रेसने वणीपर्यंत आणीत. कलावंताच्या हक्काचा प्रश्न त्या व्यवहारात होताच, आणि आज तो टाळून या काळाविषयी लिहिणे प्रामाणिक होणार नाही. परंतु अधिकृत वाट नव्हती तेव्हा चित्रपटाचे शिक्षण या आडवाटेने झाले, हेही नोंदवायला हवे. २०१२च्या सुमारास राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने आपले चित्रपट स्वच्छ प्रतींत उपलब्ध करून दिले आणि ही अडचण निदान भारतीय समांतर चित्रपटापुरती थोडी हलकी झाली.

जमवणे आणि पाहणे यांत अंतर असते. संग्राहकाला वस्तूचा लोभ सुटतो; मुखपृष्ठ, आवृत्ती, पुरवणी यांत तो रमतो. मुकुटबनसारख्या गावी हा लोभ फार काळ टिकत नाही, कारण कौतुक करायला दुसरा संग्राहकच नसतो. असतात ते विद्यार्थी, शेजारी, एखादा ग्रामसेवक, एखादा निवृत्त शिक्षक. त्यांना इंग्रजी तळओळी वाचता येत नसत. म्हणून मी टीव्हीच्या बाजूला बसून त्या मराठीत मोठ्याने सांगू लागलो. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा माणूस आपल्याकडे असे. जपानात तर अशा निवेदकांना ‘बेन्शी’ हे नाव आणि मोठा मान होता. तंत्र पुढे गेले होते, आणि आमच्या ओसरीवर मात्र ते जुने पद पुन्हा निर्माण झाले होते.

पुन्हा पाहण्याची खरी किंमत मला ‘दो बिघा जमीन’ने दाखवली. बिमल रॉय यांचा हा १९५३ चा चित्रपट. गिरणीसाठी जमीनदाराला शंभूचे शेत हवे असते; कर्ज फेडायला तो कलकत्त्यात रिक्षा ओढतो, आणि परततो तेव्हा शेतावर कारखाना उभा राहत असतो. तो मूठभर माती उचलतो, पहारेकरी ती टाकायला लावतो. ओसरीवर बसलेल्यांपैकी काहींच्या घरची शेते खाणीत गेली होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, “सर, पैसे तं भेटते, पण धुरा कुठून आनाचा?” दुसऱ्याने तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितले. तो तीनदा पाहिला गेला. पहिल्यांदा पहारेकऱ्याचा सर्वांना राग आला. तिसऱ्यांदा मागे बसलेला एक जण हळूच म्हणाला, “माहा भाऊ बी गेटवरच असते.” त्यानंतरची चर्चा आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायापेक्षा वरच्या दर्जाची होती. एकदाच पाहिला असता तर तो चित्रपट अश्रूंपाशी थांबला असता. पुन्हा पाहिल्यामुळे त्यातील तिसरा माणूस दिसला.

‘पथेर पांचाली’ची गोष्टही अशीच. दुर्गेच्या मृत्यूनंतर हरिहर गावी परततो, तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो आणि सर्बजयाचा बांध फुटतो. तिच्या तोंडून निघतो तो मानवी हुंदका नसून तारशहनाईचा स्वर आहे, हे पहिल्या वेळी सहसा कळत नाही. आपण फक्त हलून जातो. दुसऱ्या वेळी ऐकू येते, तिसऱ्या वेळी रे यांनी असे का केले असावे हा प्रश्न पडतो. समीक्षा सुरू होते ती या प्रश्नापाशी.

ही सोय कायमची आहे असे मात्र कोणी मानू नये. ‘आलम आरा’ची (१९३१) एकही प्रत आज ज्ञात नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या नायट्रेट फिती जळाल्या. रे यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील आगीत होरपळल्या आणि त्यांतून नव्या प्रती सिद्ध व्हायला २०१५ उजाडले. संस्थांची ही स्थिती, तर ओसरीवरच्या कपाटाचे काय? कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरते. घरी उतरवलेल्या तबकड्यांचा रंगद्रव्याचा थर विदर्भाच्या उन्हाळ्यात विरत जातो. माझ्याकडील कित्येक आता चालत नाहीत. मोबाइलवर सारे मिळते असे विद्यार्थी सांगतात, ते पुष्कळ अंशी खरेही आहे. पण आज दिसणारा चित्रपट करार संपला की तिथून नाहीसा होतो, आणि पान उलटून मागे जायला ते पानच राहत नाही.

उरलेल्या तबकड्यांतील मजकूर सध्या मी हार्ड डिस्कवर हलवतो आहे. सगळे हलेल इतकी सवड नाही, म्हणून क्रम ठरवावा लागला. चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर (मृत्यू २०१६) यांची भूमिका अशी होती की संग्रहपालाने निवड करू नये, सगळेच जपावे. संस्थेचा तो धर्म आहे. एकट्या माणसाला निवडीवाचून गत्यंतर नाही. श्रेष्ठ चित्रपटांच्या प्रसिद्ध याद्या समोर होत्या. त्या बाजूला ठेवून मी उसनवारीची वही काढली. बर्गमनचा ‘सेव्हन्थ सील’ त्या वहीत एकदाच आहे. ‘संत तुकाराम’ अभंगांसाठी नेला जाई आणि परत देताना बोलणे जिजाईविषयी होई. त्याची नोंद पानापानावर आहे. कुरोसावाचा ‘इकिरू’ सरकारी कचेरीतल्या माणसांनी नेलेला दिसतो. ‘दो बिघा जमीन’ची तबकडी तीनदा नव्याने घ्यावी लागली. २०२५ मध्ये त्या चित्रपटाची नूतनीकृत प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली, हे वाचून समाधान वाटले. आमच्याकडची प्रत ओरखड्यांनी भरलेली आहे, शेवटच्या प्रसंगात चित्र अडखळते. मी सर्वांत आधी तीच हलवली.