उसाच्या बेटावर एक वर्ष

मॉरिशसला गुलमोहर डिसेंबरात फुलतो. परीक्षा संपल्या, आंब्यांची अढी घातली, माठात वाळा पडला की गुलमोहर, अशी आपली जन्माची समजूत. नाताळच्या आठवड्यात ती लालभडक झाडे पाहून मी चक्रावलेच. मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने २०२३ च्या डिसेंबरात मी तेथे गेले आणि पुढले अख्खे वर्ष राहिले. तेवढ्या मुदतीत ध्यानात आले ते हे, की तेथे ऋतू सारे उलटे आणि तिथी मात्र आपल्याच. महाशिवरात्र भर पावसाळी उकाड्यात, गणपती थंडी सरता सरता आणि दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडाशी. आपल्या माणसांबरोबर पंचांग बोटीत चढले. ऋतू काही चढले नाहीत!

बेट केवढे? सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशी दोन बेटे सहज मावतील. वस्ती सुमारे साडेबारा लाख. पण यांतला एकही मनुष्य मूळचा तेथला नाही. १५९८ साली डच दर्यावर्दी उतरले तेव्हा तेथे माणूसच नव्हता. होते ते डोडोसारखे पक्षी, आणि शंभर वर्षांच्या आत तोही बिचारा संपला. मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करातून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रज आले. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली, पण ऊस तर तोडायला हवाच. म्हणून करार लिहून घेऊन हिंदुस्थानातून मजूर नेले. ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजाने २ नोव्हेंबर १८३४ रोजी छत्तीस मजूर उतरवले. पुढे हा आकडा साडेचार लाखांवर गेला. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि थोडे मुंबईच्या बंदरातून. त्या थोड्यांत आपले कोकणातले लोक होते.

आमच्या घरमालकीणबाई त्यांपैकीच. पणजोबा रत्नागिरीकडचे, याच्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हते. बोलायच्या क्रेओल, माझ्याशी हिंदी. मी त्यांना ताई म्हणू लागले तेव्हा हसल्या. तो शब्द त्यांच्या घरात शिल्लक होता.

१५ जानेवारीला ‘बेलाल’ नावाचे चक्रीवादळ आले. पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी होडग्यांसारख्या तरंगत गेल्या. वारा घोंगावत असता ताई निवांत मसूर निवडत बसल्या होत्या. “हे कसले वादळ? वादळ म्हणजे कॅरोल!” फेब्रुवारी १९६० ची ती गोष्ट. ताई सहा वर्षांच्या होत्या. डोक्यावरचा पत्रा उडाला आणि आईने मुलांना खाटेखाली घालून वर स्वतः अंग टाकले. त्या वादळानंतर बेटावर सपाट गच्चीची काँक्रीटची घरे उठली. दिसायला ती अगदीच बेढब. पण कॅरोलची हकीगत ऐकल्यावर त्यांना नावे ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

मग सणांची रांगच लागते. तमिळांची कावडी, १ फेब्रुवारीचा गुलामगिरी-मुक्तीचा दिवस, चिनी नववर्ष, शिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद. साऱ्यांना सरकारी सुट्टी. प्रत्येकाच्या वाट्याला एखादा दिवस यावा, म्हणून ख्रिस्ती लोकांचे दोन सणसुद्धा आलटूनपालटून, एका वर्षी एक नि दुसऱ्या वर्षी दुसरा, असे पाळले जातात. एकत्र कुटुंबात पुरणपोळीचे तूप वाढावे तसा हा हिशेब आहे. शिवरात्रीला पांढऱ्या कपड्यांतली माणसे सजवलेल्या कावडी घेऊन दोन दोन दिवस चालत गंगा तलावाला जातात. तलाव ज्वालामुखीच्या मुखात साठलेला. १९७२ साली त्यात भागीरथीचे पाणी ओतले. वाटेत पाणी-सरबत देणाऱ्यांत इतर धर्मांचे लोकही असतात.

वाचून तुम्हाला वाटेल, काय गोकुळ आहे! तसे नाही. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, त्याच्या आधी दोन महिने पोर्ट लुईत क्रेओल आणि मुसलमान वस्त्यांत अशी कापाकापी झाली की ब्रिटिश सैन्य आणावे लागले. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा लोकांचा लाडका क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि चार दिवस बेट जळत होते. “त्या दिवाळीला पलीकडच्या क्रेओल बाईंकडे ताट घेऊन जाताना माझे पाय थरथरत होते,” ताई म्हणाल्या. “दार उघडतील की नाही, काय सांगावे? पण उघडले.”

जूनपासून उसाला रुपेरी तुरे आणि कोयत्याची सुगी. आता बहुतेक तोडणी यंत्राची, आणि साखर कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ताईंचे वडील तोडणीवाले होते. नातू मेलबर्नला संगणकावर काम करतो. उसाचे पाचट मात्र २०२० साली असे कामी आले, की त्या अजून अभिमानाने सांगतात. ‘वाकाशिओ’ नावाचे जपानी मालकीचे जहाज २५ जुलैला प्रवाळावर रुतले आणि ६ ऑगस्टपासून काळे तेल निळ्या पाण्यात सुटले. सरकार हलायच्या आत लोक माहेबूर्गच्या किनाऱ्यावर जमले. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवायच्या, त्यांत पाचट ठासायचे आणि समुद्रात तरंगता बांध घालायचा. कुणी केस कापून दिले, कारण केस तेल धरतात. ताईंनी दोन दिवस शिवणयंत्र चालवले. पिशवी कोणत्या जातीच्या माणसाने भरली, हे त्या वेळी कुणी विचारले नाही.

गणपतीत मी पहिल्यांदा झाकरी पाहिली. आपल्या कोकणातली जाखडीच ती. पायांत घुंगरू, मधे ढोलकी आणि भोवती फेर. शब्द वह्यांत रोमन लिपीत लिहिलेले. गाणाऱ्याला निम्म्यांचा अर्थ माहीत नाही, पण सूर एकही चुकत नाही. शाळेत मराठी शिकवतात, म्हणून पोरे अक्षरे ओळखतात; घरात मात्र क्रेओलच. यंदा फेर धरायला माणसे कमी पडली. दोघे कॅनडात, एक फ्रान्समध्ये. जरा वेळ सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग तीन मुली उठल्या नि पायांत घुंगरू बांधू लागल्या. एक म्हातारेबुवा कुरकुरले. ताईंनी त्यांच्याकडे असे काही पाहिले, की त्यांनी मुकाट्याने झांजा उचलल्या.

३१ ऑक्टोबरला दिवाळी. आदल्या दिवशी रताळी उकडून, कुसकरून, त्यांत मैदा मळून, आत गोड खोबरे भरून ताई ‘गातो पाताट’ तळत होत्या. मी म्हटले, “अहो, ही तर करंजी!” “असेल,” त्या म्हणाल्या, “आम्हाला रताळ्याचीच ठाऊक.” आठ ताटे लावली. चिनी दुकानदाराचे, मुसलमान शिंप्याचे, तमिळ मास्तरांचे... नातवाचे ताटही लावले. तो येणार नव्हता. ते झाकून आत ठेवले.

पलीकडच्या क्रेओल बाईंचे ताट त्यांनी माझ्या हाती दिले. संध्याकाळ उष्ण होती, ओट्याओट्यांवर पणत्या लागत होत्या. बाईंनी दार उघडले, ताटाकडे पाहिले आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. ताट लगेच परत मागायचे नाही, असे ताईंनी बजावले होते. ते नाताळला केक घेऊन येते. म्हणून मी रिकाम्या हातांनी फाटक लोटून बाहेर आले.