वन्सं, आधी वाचा, मग सही करा

मैत्रिणींनो, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खांद्याला पुस्तकांची पिशवी लावून घोटीच्या एसटी स्टँडवर उभ्या राहणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. "निघाल्या वकीलीणबाई!" हे तर रोजचंच. पोळ्या लाटायच्या, ह्यांचा डबा भरायचा, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या आणि नाशिकची गाडी धरायची. धाकटीची बारावी झाली आणि मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला बसले!

सुरुवातीलाच धडा आला, "कायद्याचे स्रोत". मला वाटायचं, कायदा म्हणजे दिल्ली-मुंबईत होतो तो. सरांनी सांगितलं, मुख्य स्रोत तीन: विधिमंडळाचे कायदे, वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे आणि रूढी. रूढी म्हटल्यावर मी कान टवकारले. आपलं निम्मं आयुष्य "आपल्यात अशीच रीत आहे" या एका वाक्यावर जातं, नाही का? पण कोर्ट प्रत्येक रीत मानत नाही. ती जुनी हवी, खंड न पडता पाळलेली हवी, निश्चित आणि वाजवी हवी, शिवाय कायद्याच्या विरोधात नको.

सरांनी केनियाचं उदाहरण दिलं. आपला १८७२ चा कराराचा कायदा इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेतही नेला होता. तिथे जमातींच्या रूढी कोर्टात आजही चालतात; मात्र २०१० च्या राज्यघटनेशी विसंगत असलेली रूढी रद्दबातल. लांब कशाला जा, आमच्या इगतपुरी तालुक्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू नाही. अनुसूचित जमातींना त्यातून वगळलंय. आम्हाला मात्र तो लागू, आणि त्याच्या ४ थ्या कलमाने त्याच्या आड येणाऱ्या जुन्या रूढी बाजूला सारल्या आहेत.

हे वहीत होतं तोवर ठीक होतं. मग भाऊबीजेला वन्सं आल्या.

मामंजी मागच्या वर्षी गेले. सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या त्या तीन एकरांना भाव आलाय. इकडे ओवाळणीचं ताट तयार आणि ह्यांच्या कपाटात हक्कसोडपत्राचा मसुदा तयार! सोमवारी इगतपुरीला जाऊन नोंदवायचं ठरलेलं. "बहिणी सह्या देतातच, रीत आहे," हे म्हणाले.

आता बघा. वन्सं १९९० साली सासरी गेल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने त्याही आल्या. त्या आधीच वडील वारले असतील तर? तो घोळ २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात मिटवला: मुलीचा हक्क जन्मापासूनचा.

आणि मी? माझं लग्न १९९८ चं. म्हणजे १९९४ च्या कायद्यानेच माझा वाटा होता. २००३ मध्ये वडील गेले आणि तेराव्यानंतर दादाने कागद पुढे केला. मी चष्मासुद्धा न लावता सही केली. असा कागद रद्द करून मागायला मुदत तीन वर्षांची. दादा वाईट नाही हो, त्यालाही रीतच माहीत होती.

रात्रभर झोप नाही. बोलावं तर आपल्याच मुलांच्या तोंडचं काढून द्यायचं, आणि न बोलावं तर त्या वहीचा उपयोग काय?

सकाळी चहा देताना म्हटलं, "वन्सं, सोडायचं तर खुशाल सोडा. पण रीत म्हणून नको. हा कागद सक्तीचा नाही. काय सोडताय ते आधी वाचा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू माहेरी केली होतीस ना गं सही?"

"केली होती. न वाचता."

त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि दुपारच्या गाडीने सिन्नरला गेल्या. सोमवार येऊन गेला, कागद अजून तिकडेच आहे. हे जेवताना कमी बोलतात. काल मात्र पान उचलताना विचारलं, "परीक्षा कधी आहे तुझी?"