दिल बेचारा आणि ते जिने

जॉन ग्रीनचं 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) पनवेल लोकलमध्ये चार दिवसांत संपवलं आणि वीकेंडला 'दिल बेचारा' बघितला. मला पुस्तक जास्त आवडलं.

गोष्ट तीच, दोघंही कॅन्सरवाले. मुकेश छाब्राने ती इंडियानापोलिसहून जमशेदपूरला आणली, ते मस्त जमलंय. पुस्तकातल्या अर्धवट कादंबरीचं अर्धवट गाणं झालं, तेही चालेल. पण ॲमस्टरडॅमचं पॅरिस केलं आणि ॲन फ्रँकचं घरच गेलं! आपल्याला स्टेशनचा पूल चढताना धाप लागते. हेझल ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन तिथले उभे जिने चढते, आणि मग ते पहिलं चुंबन. सिनेमात एवढी दमछाक कुठेच नाही.

पुस्तक हेझलचं आहे. आपण गेल्यावर आईबाबांचं काय, ही तिची भीती पानोपानी जाणवते. सिनेमात किझी बोलते, पण आपली नजर मॅनीवरून हटत नाही. सुशांत १४ जून २०२० ला गेला आणि सिनेमा २४ जुलैला आला. स्वतःचीच शोकसभा ऐकत बसलेला मॅनी... तिथे कसली तुलना करणार?

तो सीन मी पुढे ढकलला. पुस्तकातला मात्र दोनदा वाचला होता.